हरल्या म्हणून बाई बदलायच्या का?

मागच्या बैठकीत आमच्या गटाचा बचतीचा हिशेब पंधरा मिनिटांत उरकला आणि दोन तास भांडण झालं ते खो-खोवरून. ते अजून पुरतं मिटलेलं नाही. म्हणून आज रेडिओवर तेच घेऊन आलो आहोत.

आमचं गाव लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवरचं. आमच्या लेकींचा खो-खोचा संघ आहे. दोन वर्षांपूर्वी गटाने त्यांना बूट घेऊन दिले, तेव्हापासून स्पर्धेला जायचं भाडंही आपणच देतो. गेल्या वर्षी पोरी जिल्ह्यापर्यंत पोचल्या. यंदा तालुक्यालाच, पहिल्याच सामन्यात हरल्या. जीपमधून उतरल्या त्या रडतच. दुसऱ्या दिवशी पारावर निकाल लागून मोकळा: शिकवणाऱ्या बाई बदला. बाई म्हणजे गावचीच सून, माहेरी खो-खो खेळलेली. मानधन नावापुरतं. गटातल्याही निम्म्या जणी म्हणाल्या, पैसा आपला आहे, जाब विचारायला पाहिजे.

जाब विचारायचाच. पण हरल्याबरोबर माणूस बदलला की जाब विचारून झाला असं आपल्याला वाटतं, आणि मग खरं कारण विचारायचं राहूनच जातं. आमचं म्हणणं एवढंच आहे.

हे मोठ्या खेळातही चालतं. फुटबॉलमध्ये तर फार. २०१४ साली ब्राझीलमध्येच विश्वचषक होता आणि उपांत्य सामन्यात जर्मनीने त्यांना ७-१ असं हरवलं. प्रशिक्षक स्कोलारी गेले. त्यानंतरचे दोन्ही विश्वचषक ब्राझीलला मिळाले नाहीत. अर्जेंटिनाने उलटं केलं. २०१९ च्या कोपा अमेरिका स्पर्धेत ते उपांत्य सामन्यात हरले. प्रशिक्षक स्कालोनी नवखे, टीका पुष्कळ झाली. तरी त्यांना ठेवलं. २०२१ ला ती स्पर्धा जिंकली, आणि २०२२ ला विश्वचषक. त्या विश्वचषकात पहिला सामना सौदी अरेबियाशी हरले होते, हेही लक्षात ठेवा.

आपल्या देशाच्या फुटबॉलचं काय झालं? इगोर स्टिमॅक २०१९ मध्ये प्रशिक्षक झाले. २०२४ च्या सुरुवातीला आशियाई चषकात आपण तिन्ही सामने हरलो, एक गोलसुद्धा झाला नाही. त्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो आणि जूनमध्ये त्यांना काढलं. पाच वर्षं दिली होती, तेव्हा घाई केली असं कुणी म्हणू शकत नाही. पण पुढे बघा. मार्केझ आले, वर्षभरात गेले. मग खालिद जमील आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात, मडगावला, सिंगापूरशी हरून आपण पुढच्या आशियाई चषकाचीही संधी घालवली. दीड वर्षात दोनदा माणूस बदलला, गोलाचा दुष्काळ तसाच. बी उगवलंच नाही, तर दर वर्षी सालगडी बदलून काय होणार? आपल्याकडच्या किती गावांत पोरांना पायाने चेंडू मारायला जागा आहे, हे कुणी मोजतं का?

आता आपल्या लेकींच्या क्रिकेट संघाकडे येऊ. तिथे तर प्रशिक्षकांची ये-जा चाललेलीच असायची. २०१८ मध्ये तुषार आरोठे गेले, रमेश पोवार आले. वर्ष सरायच्या आत तेही गेले, डब्ल्यू. व्ही. रामन आले. त्यांच्या हाताखाली संघ २०२० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२१ मध्ये पुन्हा पोवार. २०२२ चा विश्वचषक वाईट गेला, आणि डिसेंबरमध्ये त्यांनाही हलवलं. पोरींनी शिकायचं कुणाचं? एक म्हणतो असं उभं राहा, दुसरा म्हणतो तसं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचे अमोल मुजुमदार आले. हा माणूस कधीच भारताकडून खेळला नाही. शाळेत असताना सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा हा पॅड बांधून बसून राहिला होता, त्याची पाळीच आली नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, तरी भारतीय संघाचं दार उघडलं नाही. वाट बघणं म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच्या हाताखालचा पहिला विश्वचषक ऑक्टोबर २०२४ चा, टी-ट्वेंटीचा. आपण गटातूनच बाहेर. पारावरचा न्याय लावला असता तर तेव्हाच त्याला घरी पाठवायचं. त्याला ठेवलं. वर्षाने ५० षटकांचा विश्वचषक आपल्याच देशात आला आणि त्यात लागोपाठ तीन सामने हरलो: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. त्या तिसऱ्या सामन्यात तर जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं. आमच्या मते ती चूकच होती. पण पुढच्याच सामन्यात तिला परत घेतलं, आणि वरच्या क्रमांकावर पाठवलं. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. जेमिमाने नाबाद १२७ करून सामना जिंकून दिला. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. आपल्या पोरींचा पहिला विश्वचषक. त्या रात्री आमच्या गल्लीत बारा वाजले तरी टीव्ही बंद नव्हते.

गटातल्या एका काकींनी इथे बरोबर बोट ठेवलं. म्हणाल्या, "जिंकल्यावर सगळेच शहाणे. हरले असते तर तुम्हीच म्हणाला असता, उगं ठेवलं त्याला." खरं आहे. ठेवलं म्हणून जिंकलोच असं नाही. पण चूक करून ती दुरुस्त करायला त्याला वेळ मिळाला, एवढं नक्की.

मग आम्ही आमच्या पोरींनाच बोलावलं. बाईंना बाहेर थांबायला सांगितलं, म्हणजे मोकळं बोलतील. गेल्या वर्षीच्या दोन सगळ्यात चपळ पोरी दहावीनंतर लातूरला शिकायला गेल्या, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. पावसाने मैदान महिनाभर चिखलात होतं. सोयाबीनच्या काढणीत निम्म्या पोरी सरावाला आल्या नाहीत, कारण आपणच त्यांना शेतात नेलं. यातलं बाईंकडे काय लागतं?

बाईंचंही चुकलं होतं. पळतीला पहिल्या तुकडीत दर वेळी त्याच तीन पोरी. धाकट्यांना सामन्याचा अनुभवच नाही. त्या तिघी दमल्या आणि संपलं. हे एका सातवीतल्या पोरीने सांगितलं, तेव्हा बाईंना आत बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, मला भीती वाटली हरायची." एवढंच.

हे मात्र आम्ही बैठकीत वेगळं लिहून घेतलं. शिकवणारा माणूस पोरींशी वाईट वागत असेल, अंगाला हात लावत असेल, पोरी त्याला भीत असतील, तर तिथे स्पर्धेचा निकाल बघायचा नाही. चषक आणला तरी तो माणूस त्याच दिवशी बंद. आणि दोन-तीन वर्षं गेली, धाकट्या पोरी काहीच शिकल्या नाहीत, सांगितलेलं बाई मनावर घेत नाहीत असं दिसलं, तरी बदलायचं. त्याला सूनबाई म्हणून सूट नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला संघाने जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. तिचा फोटो आमच्या पोरींनी वर्गात चिकटवला आहे.

बाई पुढच्या हंगामापर्यंत राहतील असं ठरलं, एकमताने नाही. चार जणी अजून नाराज आहेत. सकाळी सहाला सराव, धाकट्यांची वेगळी तुकडी. आणि काढणीच्या दिवसांत पोरींना मैदानावर सोडायचं की शेतात न्यायचं, यावर येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. ती पहिलीपेक्षा जास्त वेळ चालणार असं दिसतंय.