चेहरा कोणाचा, चित्र कोणाचे?
(भाषण)



छायाचित्र कोण काढतो, आणि काढल्यावर ते कोणाजवळ राहते, हे दोन प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे. ज्यांनी आपल्या कामातून त्यांचे उत्तर दिले, ते दाऊद बे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार होत.

बे यांचा जन्म १९५३ साली न्यूयॉर्क शहरात झाला. १९६८ साली त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला. पुढच्याच वर्षी तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हार्लेमविषयी प्रदर्शन भरले. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात अध्ययन केले, त्याच्या लगतच ती आहे. प्रदर्शन हार्लेमचे, परंतु हार्लेमच्या चित्रकारांना व शिल्पकारांना त्यात स्थान नव्हते! म्हणून लोकांनी संग्रहालयाच्या दारात निदर्शने केली. ती पाहावयास बे गेले, तो त्या दिवशी निदर्शक नव्हते. म्हणून ते आत शिरले. भिंतीवर आपल्यासारख्याच सामान्य माणसांचे चेहरे सन्मानाने लावलेले त्यांनी पाहिले, आणि त्यांना आपला मार्ग गवसला.

१९७५ पासून ते हार्लेमच्या रस्त्यांवर हिंडले. दुकानात उभा असलेला न्हावी, चित्रपटगृहापुढे उभा असलेला मुलगा, अशी माणसे त्यांनी टिपली. १९७९ साली ही चित्रे त्यांनी मांडली ती हार्लेममधीलच स्टुडिओ म्युझियममध्ये. ज्यांचे चेहरे, त्यांना ते आपल्या वस्तीत पाहता आले.

तथापि बे यांचे समाधान झाले नाही. लहान कॅमेऱ्याने चटकन चित्र घ्यावे आणि चालते व्हावे, यात घेणारा एकटाच श्रीमंत होतो, असे त्यांना वाटू लागले. म्हणून १९८८ च्या सुमारास त्यांनी तिवईवरचा मोठा कॅमेरा घेतला. आधी परवानगी विचारायची, मग चित्र काढायचे. त्यांची पोलरॉइड फिल्म अशी होती की, तीतून छापील चित्र व निगेटिव्ह दोन्ही मिळत. चित्र त्याच जागी त्या माणसाच्या हाती द्यायचे आणि निगेटिव्ह आपण ठेवायची. पुढे शाळकरी मुलामुलींची चित्रे काढताना त्यांनी प्रत्येकाकडून स्वतःविषयी मजकूर लिहून घेतला व तो चित्रासोबत छापला. ते पुस्तक २००७ साली निघाले. आपली ओळख आपल्याच शब्दांत!

१५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम शहरात वर्णद्वेष्ट्यांनी चर्चमध्ये बाँब ठेवून चार मुलींचे प्राण घेतले. त्याच दिवशी दोन मुलगे गोळ्यांना बळी पडले. त्या स्फोटात जखमी झालेल्या, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या एका मुलीचे छायाचित्र बे यांनी बालपणी पाहिले होते. ते मनातून कधी पुसले गेले नाही. २०१२ साली त्यांनी त्याच शहरात जोडचित्रे काढली. एका बाजूस मृत बालकांच्या वयाचे मूल. दुसऱ्या बाजूस, ती जगली असती तर पन्नास वर्षांनी जेवढी झाली असती, तेवढ्या वयाचा मनुष्य. रक्ताचा एक थेंबही त्यात नाही. परंतु त्या दोन चेहऱ्यांमधील अंतर म्हणजेच हिरावून घेतलेले आयुष्य होय!

२०१७ साली बे यांना मॅकआर्थर प्रतिष्ठानचे मानाचे पारितोषिक लाभले. परंतु आपण त्यांच्यापासून घ्यावयाचे ते वेगळेच आहे. उद्या कोणी कॅमेरा घेऊन आपल्या दारी आला, तर संकोच न करता विचारा : हे चित्र कोठे लागणार? त्याखाली काय लिहिणार? त्याची प्रत आम्हांस मिळणार काय? आणि आज घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांची जी छायाचित्रे पेटीत असतील ती काढा. प्रत्येकाच्या पाठीमागे नाव, गाव आणि साल लिहा. ज्याचे नाव लिहिले गेले नाही, त्याचा चेहरा पुढच्या पिढीला परका होतो.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.