धुरात पाहणारा डोळा



14 एप्रिल ही तारीख आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी आपण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची जयंती करतो. त्याच तारखेला देशभर आणखी एक दिवस पाळतात. तो म्हणजे अग्निशमन सेवा दिन. आग विझवताना जे जवान कामी आले, त्यांची आठवण त्या दिवशी करतात. त्यासाठी हीच तारीख का निवडली, ते आधी सांगतो. मग एका यंत्राची माहिती सांगतो.

सन 1944 ची गोष्ट. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या. आणि दारूगोळाही होता. 14 एप्रिलला दुपारी गाठींतून धूर निघू लागला. बंब आले. जवानांनी वरून पाणी ओतावयास सुरुवात केली. पण धूर इतका दाट होता की आग नेमकी कोठे आहे, हेच दिसेना. पाणी ओतले जात होते, आणि आग भलतीकडेच धुमसत होती. पुढे जहाजाच्या बाजूला एका ठिकाणी पत्र्याचा रंग तापून फुगू लागला. तेव्हा कळले, की आग इथे आत आहे. पण तोवर फार उशीर झाला होता. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. शेकडो माणसे मेली. आग विझवणारे 66 जवान गेले.

ते जवान भित्रे नव्हते. आळशीही नव्हते. पाणीही कमी नव्हते. आग कोठे आहे एवढेच त्यांस दिसत नव्हते.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. सांगावयास लाज वाटते. पण शिकवणाराने आपली चूक लपवू नये.

आम्ही तेव्हा एका लहान गावी हेडमास्तर होतो. फाल्गुनाचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सारे गाव धावले. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागली. घागरी, बादल्या, जे हाती आले ते. दोन तासांनी जाळ विझला. वर काळी राख दिसू लागली. एक म्हातारे बाबा गंजीजवळ गेले. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "गुरुजी, आत धग हाये अजून." आम्ही लांबूनच पाहिले. जाळ नाही, ठिणगी नाही. आम्ही म्हणालो, "विझली बाबा. चला सगळे घरी. सकाळी शाळा आहे."

गुरुजी म्हणाले म्हणून सगळे घरी गेले.

मध्यरात्र उलटली आणि वारा सुटला. गंजी आतून पुन्हा पेटली. जाळ शेजारच्या गोठ्यावर गेला. गोठ्यात दोन बैल बांधलेले होते. एकाने दावे तोडले. दुसऱ्याला तोडता आले नाही. त्याचे हंबरणे आम्ही अजून विसरलो नाही.

तो शेतकरी आम्हांस एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मुलाला रोजच्यासारखे शाळेत आणून सोडले. बोलला असता तर बरे वाटले असते.

आम्ही मॅट्रिक शिकलेले. म्हातारे बाबा निरक्षर. पण आम्ही डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांनी हाताने पाहिले. हाताला जे कळले ते डोळ्यांना कळले नाही.

आज ज्या यंत्राची माहिती सांगावयाची, ते यंत्र हेच काम करते. हाताला जे कळते ते ते डोळ्यांना दाखवते, आणि तेही लांबून. त्याला थर्मल इमेजिंग कॅमेरा म्हणतात. आपण त्याला उष्णता दाखवणारा कॅमेरा म्हणू.

उष्णता लांबून कशी कळते? लोहाराच्या भट्टीतले लोखंड आठवा. बाहेर काढले की ते लाल दिसते. थोड्या वेळाने लाली जाते. लोखंड काळे दिसते. पण म्हणून कोणी त्याला हात लावतो का? नाही. जवळ हात नेला तरी धग लागते. म्हणजे त्या लोखंडातून काहीतरी निघते आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला कळते. ते म्हणजे उष्णतेचे किरण.

हे किरण विल्यम हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने सन 1800 मध्ये इंग्लंडात शोधून काढले. त्याने काचेच्या लोलकातून सूर्याचा प्रकाश सोडला. इंद्रधनुष्यासारखे रंग पडले. एकेका रंगात त्याने उष्णता मोजण्याची नळी ठेवली. मग तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नाही, तेथेही नळी ठेवली. तर तेथे पारा जास्त चढला! उजेड नाही, पण उष्णता आहे. या किरणांना अवरक्त किरण म्हणतात.

असे किरण फक्त लोखंडातून निघतात असे नाही. भिंत, झाड, बैल, माणूस, सगळ्यांतून निघतात. जी वस्तू जास्त गरम, तिच्यातून जास्त निघतात. कॅमेरा ते टिपतो. त्याच्या पुढचे भिंग काचेचे नसते. ते जर्मेनियम नावाच्या पदार्थाचे असते. कारण या कॅमेऱ्याला जे किरण लागतात, ते काच अडवते. भिंगामागे हजारो बारीक ठिपके असतात. जो ठिपका जास्त तापतो, तो पडद्यावर उजळ दिसतो. जो थंड राहतो, तो काळा दिसतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत फार गरम जागा पिवळ्या, नारिंगी आणि लाल दिसतात.

आता धुराचे. धुरात काजळीचे अगदी बारीक कण असतात. आपल्याला दिसणारा उजेड त्या कणांवर अडकतो. म्हणून धुरात आपला हातसुद्धा आपल्याला दिसत नाही. पण उष्णतेचे हे किरण त्या कणांमधून पुष्कळसे पार निघतात. म्हणून डोळा आंधळा झाला तरी कॅमेरा पाहतो.

गेल्या साली तालुक्याच्या गावी आम्हांस हे यंत्र हातात धरावयास मिळाले. अग्निशमनाच्या जवानांनी एका खोलीत धूर केला होता. आत एक जवान बसला होता. दारातून आम्हांस काही दिसेना. यंत्र डोळ्यांपुढे धरले, आणि कोपऱ्यात माणूस बसलेला दिसला. पांढरा, जणू पिठाचा केलेला. मग एका जवानाने भिंतीवर तळहात टेकवून काढून घेतला. नुसत्या डोळ्यांना भिंत कोरी. यंत्रातून पाहिले तर भिंतीवर पंजाचा ठसा! हाताची ऊब भिंतीला लागली होती, ती काही क्षण दिसत राहिली. अंगठा टेकवला असता तर अंगठाही उठला असता. पण तुम्ही आता सही करता, तेव्हा अंगठ्याचे सांगत नाही!

यंत्र हातात आले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ते कसे वापरावे, हे जवानांनी आम्हांस समजावून सांगितले.

एक. आत जाण्यापूर्वी बाहेरूनच घर पाहावे. कोणती भिंत, कोणते छप्पर जास्त तापले आहे, ते पाहावे. आग तिकडे असण्याचा संभव जास्त.

दोन. आत कधी एकट्याने जाऊ नये. ज्या वाटेने आत गेलो, ती वाट मागे वळून पाहून ठेवावी. एक हात भिंतीला किंवा पाण्याच्या नळीला असावा. यंत्र बंद पडले तर हाताच्या खुणेने बाहेर येता येते.

तीन. वाकून, रांगत जावे. उष्णता वर चढते. दिसते आहे म्हणून ताठ उभे राहून चालू लागला, की डोके भट्टीत गेलेच समजा.

चार. यंत्र सावकाश फिरवावे. आधी वर छताकडे पाहावे. तेथे आग जमली आहे का? मग मधे. मग खाली जमिनीवर. खाटेखाली, कणगीमागे, दाराआड पाहावे. घाबरलेली मुले अशाच जागी लपतात.

पाच. जाळ विझल्यावर पुन्हा सगळीकडे पाहावे. छपराच्या सांध्यात, भुशात, कापसात धग राहिली असेल तर ती ठिपक्यासारखी उजळ दिसते. तेथे पुन्हा पाणी मारावे. त्या रात्री आमच्याजवळ हे यंत्र असते तर आतल्या धगीने तापलेला गंजीचा भाग असाच उजळ दिसला असता.

यंत्राच्या काही खोडीही आहेत. त्या ठाऊक नसल्या तर ते फसवते.

भिंतीच्या पलीकडले त्यातून दिसत नाही. भिंत तापली असेल तर भिंतीचा तापलेला भाग दिसतो, एवढेच. काचेतून दिसत नाही. खिडकीच्या काचेकडे धरले तर आपलीच आकृती समोर दिसते, आणि वाटते की आत कोणी उभे आहे. चकचकीत पत्राही आरशासारखा फसवतो. गोधडीखाली माणूस असेल तर तो चटकन ओळखू येत नाही. आणि खोली फार तापली असेल तर माणूस उजळ दिसत नाही. भिंती त्याच्याहून गरम असतात, म्हणून तो उलट काळा दिसतो. म्हणून रंग पाहू नये, आकार पाहावा. डोके, हात, पाय शोधावे. भिंगावर वाफ किंवा काजळी बसली तर पुसून घ्यावे. पडद्यावरचे चित्र मधूनच क्षणभर थांबते. तेव्हा आपणही थांबावे. पडद्यावर जो आकडा दिसतो, तो समोरच्या वस्तूच्या पृष्ठभागाच्या उष्णतेचा असतो, हवेचा नव्हे. आकडा लहान आहे म्हणून बेधडक पुढे जाऊ नये.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. तेथे 3 डिसेंबर 1999 रोजी एका जुन्या, रिकाम्या शीतगृहाला आग लागली. इमारत सहा मजली, आणि खिडक्या जवळजवळ नाहीतच. आत दोन निराधार माणसे राहत असतात, असे कळले. त्यांना शोधावयास जवान आत गेले. धूर दाटला. दोन जवान वाट चुकले. त्यांना शोधावयास गेलेल्यांपैकी आणखी चार जण परत आले नाहीत. एकूण सहा जवान गेले. आणि ज्यांच्यासाठी ते आत गेले, ती दोन माणसे आधीच बाहेर पडली होती! पण आग लागली आणि आम्ही बाहेर आहोत, हे त्यांनी कोणाला कळवले नव्हते. या घटनेनंतर तेथे हे कॅमेरे घेण्यावर फार जोर देण्यात आला.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे यंत्र महाग. आमच्या गावात ते कुठून येणार? मग आम्हाला हे कशाला सांगता?"

रास्त प्रश्न आहे. उत्तर ऐका.

यंत्र जवानांजवळ असो वा नसो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आग लागली की लगेच 101 किंवा 112 या नंबरावर फोन करावा. गावाचे नाव, रस्ता आणि जवळची खूण नीट सांगावी. बंब आला की एकाच जाणत्या माणसाने पुढे व्हावे. घरात किती माणसे होती, किती बाहेर आली, राहिलेले माणूस कोठे निजते, हे सांगावे. अंदाजाने सांगू नये. मोजून सांगावे. जो बाहेर आला त्याने "मी बाहेर आहे" असे ओरडून सांगावे. वूस्टरचे सहा जवान आठवावे.

मुलांना शिकवावे, की आग लागली तर खाटेखाली लपू नका. रांगत दाराकडे या. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची पालथी बाजू जवळ नेऊन पाहावी. दार तापले असेल तर उघडू नये. पलीकडे आग आहे.

आणि गंजी, भुसा, कापूस यांची आग विझली असे वाटले तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. गंजी सोडवावी, पसरावी, पुन्हा भिजवावी. जनावरे लांब नेऊन बांधावी. रात्रभर पाळीपाळीने पहारा ठेवावा. आणि कोणी म्हातारा म्हणाला, "आत धग हाये," तर त्याचे ऐकावे. समोर हेडमास्तर का उभा असेना.

तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात हे यंत्र आहे का, हे गावाने विचारावे. आता तुम्हांस लिहिता येते. ग्रामसभेत ठराव लिहून अर्ज पाठवावा. जाब विचारण्यासाठी नव्हे. गरज कळवण्यासाठी. अर्ज एकदा गेला नाही तर दुसऱ्यांदा पाठवावा.

यंत्र आले तर उत्तमच. तोवर आपला हात आहे, आणि एकमेकांचे ऐकावयाचे कान आहेत. त्या रात्री आमच्याजवळ दोन्ही होते, आणि आम्ही ते वापरले नाहीत. तुम्ही वापरा.