मीटिंगला जाताना गोष्टीचं एक पान घेऊन जा



आपल्या मोहल्ल्यात महापालिकेच्या शाळेचा विषय निघाला की दोन मिनिटांत निकाल लागतो : "सर लोक शिकवतच नाहीत." तिकडे शिक्षकांच्या खोलीतही निकाल तयार असतो : "पालकांना मुलांचं काही पडलेलं नाही." पुरावा दोघांकडेही नसतो. आणि ज्याला वाचता येत नाही ते पोर तिसरीतून चौथीत जातं.

आपला सोलापूर जिल्हा रणजितसिंह डिसले गुरुजींचा. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला 2020 मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अभिमान वाटलाच पाहिजे. पण प्रत्येक शाळेला डिसले गुरुजी मिळतील याची वाट पाहणं म्हणजे पोरांना नशिबावर सोडणं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तिने करायचा असतो. मुलाची प्रगती पालकांना भेटून सांगणं हे त्याच कायद्यात शिक्षकाचं कर्तव्य आहे. (2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. पण आपल्याच संस्थाचालकांना प्रश्न विचारायला कायदा कशाला लागतो?)

आता बोलायचं कसं? आधी मुलांना वाचताना ऐका. दुसरीच्या पुस्तकातल्या गोष्टीचं एक पान घ्या. एकेका मुलाला बाजूला बसवून वाचायला सांगा, चारचौघांत नाही. कुणी अक्षरांवरच अडतं. कुणी धडाधड वाचतं, पण काय वाचलं ते सांगू शकत नाही. हा फरक आपल्या घरांत फार महत्त्वाचा आहे, कारण घरात दखनी आणि पुस्तकात किताबी उर्दू किंवा प्रमाण मराठी. पहिल्याला अक्षरओळख हवी, दुसऱ्याला शब्दांचे अर्थ आणि गप्पा. दोघांना एकाच "कच्चा" शिक्क्याखाली टाकलं की चर्चा तिथेच संपते. तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं, हे 2021 च्या निपुण भारत योजनेचं सरकारी उद्दिष्टच आहे. म्हणजे आपण जगावेगळं काही मागत नाही.

मीटिंगमध्ये मुलांची नावं घेऊ नका, फक्त आकडा सांगा. समजा पंचवीसपैकी नऊ मुलं अक्षरांवर अडली. मग, "सर, या नऊ जणांसाठी रोज अर्धा तास कसा काढता येईल? त्यासाठी तुमच्यावरचं कुठलं काम कमी व्हायला हवं?" हा दुसरा प्रश्न मनापासून विचारा. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपायला कायद्याची मनाई आहे. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी ठेवायलाही मनाई आहे. जागा रिकामी असेल तर समोरच्या शिक्षकाशी भांडून काय मिळणार? समितीच्या सहीचं पत्र शिक्षण विभागाला जाऊ द्या. जे ठरेल ते तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि महिन्याने त्याच नऊ मुलांना पुन्हा ऐका.

वर्गाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणारे भाऊ आपल्यात आहेत. त्यांचा राग मला कळतो. पण मूसा अलैहिस्सलामना फिरऔनकडे पाठवतानासुद्धा मृदू बोलण्याचा हुकूम होता. आपल्यासमोर तर बत्तीस पोरांना सांभाळून दमलेली एक मॅडम आहे.

शेवटचं, बैठकीच्या वेळेचं. विड्या वळणाऱ्या अम्मीला माल द्यायला जायच्या वेळीच बैठक ठेवली, तर निम्म्या स्त्रिया फक्त सहीपुरत्या उरतात. नई जिंदगी असो की विजापूर वेस, पहिली मागणी वेळ बदलण्याची करा. आणि अम्मी जाईल तेव्हा धाकट्यांना सांभाळायला तुम्ही घरी थांबा.