सोळा आवाज
(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं, पण ती वाटचाल थोडक्यात अशी आहे: खुर्चीवर बसले, अजून बसलेच आहे. तेव्हा विषय बदलते. आज मी एका वाद्याबद्दल बोलणार आहे आणि त्या निमित्ताने एक कबुली देणार आहे. ज्याला द्यायची आहे तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं नाव मी घेत नाही, पण दोन मिनिटांत तुम्ही सगळे ओळखाल.

नववीतलं स्नेहसंमेलन आठवा. आपल्या या मित्राचे काका बोटीवर होते. त्यांनी त्याला एक कीबोर्ड आणून दिला होता. काळा, लांबट, ४९ पट्ट्यांचा, आणि पट्ट्या लहान मुलांच्या खेळण्यासारख्या बारीक. वरती ‘कॅसिओ’ लिहिलेलं. आपल्याकडे तेव्हा कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणत, त्यामुळे आपल्याला वाटलं, बटण दाबलं की गाणं वाजेल. अर्धा वर्ग भोवती जमला. कोणीतरी विचारलं, “रिदम कुठाय?” रिदम नव्हता. “डेमो?” तोही नाही. स्पीकरसुद्धा नव्हता, साउंडवाल्याच्या अॅम्प्लिफायरला जोडल्याशिवाय तो मुकाच. “फसवलं रे तुझ्या काकांना,” असं कोणीतरी म्हणालं. कोणीतरी म्हणजे मी.

त्या वाद्याचं नाव सीझेड-१०१. आता त्याबद्दल मला जे कळलंय ते सांगते, म्हणजे मी केवढं चुकीचं बोलले होते ते तुमच्या लक्षात येईल.

१९८३ साली यामाहाने डीएक्स७ नावाचा सिंथेसायझर आणला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालायचा. किंमत २००० डॉलरच्या घरात, तरीही तो प्रचंड खपला. ऐंशीच्या दशकातल्या पाश्चात्त्य गाण्यांत सगळीकडे तोच ऐकू येतो. पण त्या पद्धतीचे हक्क यामाहाकडे होते. मग कॅसिओने दुसरी वाट काढली आणि १९८४च्या अखेरीस सीझेड-१०१ आणला, ५०० डॉलरच्या आत. स्वतःचा आवाज स्वतः घडवता येईल असं डिजिटल वाद्य सामान्य माणसाच्या हाती द्यायचं, असा तो प्रकार होता. पण नाव कॅल्क्युलेटरवाल्यांचं, पट्ट्या खेळण्यातल्या. व्यावसायिक वादकांतल्या अनेकांनी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं.

दुसरी वाट कोणती, हे सांगायला मला पी.टी.च्या सरांची मदत लागेल. समजा सरांनी आपल्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि प्रत्येक फेरी बरोबर एका मिनिटात पूर्ण करायची अट घातली. सारख्या वेगाने पळालात तर सरळ हिशोब. पण कोणी पहिली अर्धी फेरी दहा सेकंदांत धावला आणि उरलेली पन्नास सेकंद रमतगमत चालला, तरी फेरी मिनिटातच पूर्ण होते. सीझेडच्या पोटात एका गुळगुळीत लाटेचे आकडे साठवलेले असतात. आपल्या गणिताच्या सरांनी फळ्यावर काढायची ती कोसाइनची लाट. ते आकडे सारख्या वेगाने वाचले तर शिळेसारखा मऊ आवाज येतो. तेच आकडे आधी घाईने आणि मग सावकाश वाचले, तर एका लाटेला लागणारा वेळ तोच राहतो म्हणून सूर बदलत नाही, पण लाटेचा आकार वाकडा होतो आणि आवाजाला धार येते. किती वाकडं करायचं, ते स्वर वाजत असतानाही बदलत ठेवता येतं. याला फेज डिस्टॉर्शन म्हणतात. ‘सर, याचा पुढे उपयोग काय?’ असं आपण विचारायचो ना, तर सर, हा उपयोग.

आपल्या मित्राला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. इंग्रजी माहितीपुस्तक पुढ्यात घेऊन, दोन ओळींच्या छोट्या डिस्प्लेकडे बघत, बटणं दाबदाबून तो शिकला. यंत्रात कंपनीने दिलेले सोळा आवाज कायमचे होते आणि आपले स्वतःचे ठेवायला आणखी सोळा जागा होत्या. वर्षभरात त्याने त्या सोळाही जागा भरल्या. या यंत्रात आवाजाला नाव देता येत नाही, नुसता क्रमांक. म्हणून त्याने भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली होती. मला आठवतात ती अशी: सनई, देवळातली घंटा, पाऊस, घाट चढणारी एस.टी., आणि ‘मुख्याध्यापक येताना’. शेवटचा आवाज मी ऐकलाय. सर, माफ करा, पण तो हुबेहूब होता.

दहावीच्या स्नेहसंमेलनात पडदा उघडला तेव्हा जी सनई वाजली, ती खरी नव्हती. त्याची होती. मागे बसलेल्या एका पालकांनी सनईवाला कुठे बसलाय म्हणून मान उंचावून पाहिलं, ते मी विंगेतून बघितलं होतं.

आता कबुली.

दहावीची परीक्षा संपली. मी पेटी शिकत होते, म्हणून त्याच्याकडे तो कीबोर्ड आठ दिवसांसाठी मागितला. त्याने एका शब्दाने न विचारता दिला. आमच्या टू-इन-वनला जोडून मी तो वाजवला. परत द्यायच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले, “दुसऱ्याची वस्तू आहे, सेल काढून ठेव. गळले तर आतून खराब होईल.” आमच्या घरात टॉर्चपासून ट्रान्झिस्टरपर्यंत सगळ्याला हा नियम होता. मी खालचं झाकण उघडलं, सहाही मोठे सेल काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले आणि दुसऱ्या दिवशी वाद्य आणि पिशवी त्याच्या घरी नेऊन दिली. काळजीपूर्वक वागल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

चार दिवसांनी तो बाजारात भेटला. म्हणाला, “अगं, माझे सगळे आवाज गेले. जुनं झालंय बहुतेक.” मी म्हटलं, “अरेरे.” बस, एवढंच. मला खरंच कळलं नव्हतं.

कळलं इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा तास होता. प्राध्यापक सांगत होते की काही मेमरी वीज गेली तरी टिकते आणि काही मेमरीला जिवंत राहायला सतत वीज लागते. ती तुटली की आतलं सगळं पुसलं जातं. मग ते म्हणाले की काही यंत्रांत यासाठी सेल ठेवलेले असतात, यंत्र बंद असतानाही. माझ्या पोटात गोळा आला. कंपनीचे सोळा आवाज कायमच्या मेमरीत होते, ते राहिले. त्याचे सोळा आवाज त्या सहा सेलांवर जगत होते, आणि मी ते पिशवीत बांधून त्याच्या हातात दिले होते.

त्या दिवशी त्याला पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, आणि मग उशीर झाल्याची लाज वाटायला लागली. तोवर तो वडिलांच्या दुकानात बसायला लागला होता आणि वाजवणं सुटलं होतं. ते माझ्यामुळे सुटलं असं मी म्हणत नाही; घरची परिस्थिती तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्यामुळे सुटलं नाही, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

२२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच्या दुकानाचे फोटो आपल्या ग्रुपवर आले. एका फोटोत चिखलात पडलेली ती काळी लांबट वस्तू मी ओळखली. त्याने खाली लिहिलं होतं, “हाही गेला.” मी हात जोडल्याची खूण टाकली. पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच ‘अरेरे’. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यानंतर मला या जुन्या यंत्रांचं वेड लागलं. घरचे हसतात. जुन्या सिंथेसायझरचे शौकीन जगभर आहेत, पण बहुतेक जण त्याहून आधीच्या अॅनालॉग वाद्यांमागे असतात. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक रेकॉर्ड केली. ती तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. त्यांनी वापरलेल्या रोलंडच्या यंत्रांना आज लाखांत किंमत मिळते. ऐंशीच्या दशकातल्या साध्या डिजिटल यंत्रांचं तसं झालेलं नाही. ती माळ्यावर पडून असतात. तशीच एक सीझेड-१०१ मला पुण्यात एका निवृत्त ऑर्केस्ट्रावाल्या काकांच्या माळ्यावर सापडली. झाकण उघडलं तर काय, सेल आतच गळलेले आणि पत्र्या हिरव्या पडलेल्या. म्हणजे बाबाही बरोबर होते! सेल काढले तर आवाज जातात आणि ठेवले तर यंत्र जातं. आम्ही सॉफ्टवेअरवाले उगाच बॅकअप-बॅकअप करत नाही.

पत्र्या घासल्या, दोन ठिकाणी डाग दिला, यंत्र चालू झालं. मग गायनाच्या बाईंना फोन केला. बाईंनी १९९६च्या स्नेहसंमेलनाची कॅसेट जपून ठेवली होती. बाई, तुमचे उपकार कसे फेडू? त्या कॅसेटवर चाळीस सेकंद ती सनई आहे, मागे खुर्च्या सरकवल्याच्या आवाजासकट.

चाळीस सेकंदांवरून आवाज पुन्हा घडवायचा, म्हणजे पदार्थ चाखून पाककृती लिहिण्यासारखं. पण खुणा सापडत गेल्या. एका जागी त्याने चार स्वर धरून पाचवा दाबलाय आणि त्याच क्षणी एक स्वर गळतो. या यंत्रात साध्या आवाजाचे आठ स्वर एकदम वाजतात. दोन थर एकावर एक ठेवले तर चारच. म्हणजे त्याने दोन थर वापरले होते. आवाजात बारीक थरथर आहे, म्हणजे दुसरा थर किंचित बेसूर ठेवला होता. सुरुवातीला धार आणि मग मऊपणा, म्हणजे आकार वाकडा करण्याचं प्रमाण आधी जास्त आणि मग कमी. प्रत्येक थरात सूर, धार आणि जोर यांच्या चढउताराला आठ-आठ पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांवर माझे कितीतरी रविवार गेले. आणि दर रविवारी एकच विचार यायचा: मी सॉफ्टवेअरवर पगार घेते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने हे नुसत्या कानाने केलं होतं.

सनई आता ऐंशी टक्के जमली आहे. ती मी लॅपटॉपवर उतरवून ठेवली आहे. त्यासाठी जी मिडी नावाची तार लागते तिची पद्धत १९८३ सालची आहे आणि आजही बिनतक्रार चालते. एवढ्या काळात आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या पिना किती वेळा बदलल्या ते आठवा. या यंत्रातला एक आवाज म्हणजे १२८ बाइट. सोळा आवाज मिळून २०४८. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल येतं ना, तो एकच फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. इतकीशी जागा होती त्या सगळ्याला. त्यात एक पाऊस होता, एक घाट होता, आणि मुख्याध्यापकही होते.

ते टेबलावर झाकून ठेवलंय ना, ते तेच वाद्य आहे. सेल नवे घातलेत आणि अॅडाप्टरही लावलाय.

मित्रा, १९९६च्या मे महिन्यात तुझे सोळा आवाज मी पुसले. यंत्र जुनं झालं नव्हतं. १९९९ पासून मला हे माहीत आहे आणि मी तुला सांगितलं नाही. पहिली गोष्ट अजाणतेपणी झाली. दुसरी जाणूनबुजून केली. त्या दुसरीची मी जास्त माफी मागते.

सनई मी ऐंशी टक्क्यांपर्यंतच आणू शकले. उरलेले वीस टक्के तुझ्या कानात आहेत. बाकीच्या पंधरा जागा रिकाम्या आहेत. वाद्य तुझंच आहे, आजच घरी ने. पण आधी इथे वर ये, वाजव, आणि कुठे चुकलंय ते सगळ्यांसमोर सांग. वही आणि पेन मी आणलंय. या वेळी नुसती नावं नाही, आकडेही लिहून ठेवू.