पाचवी बाईक आली की बाकीच्यांचे रविवार जातात



मागच्या भागात मी बोलता बोलता सांगून गेलो की घरी नवी टूरिंग बाईक आलीय, हिमालयन ४५०. तेव्हापासून मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरतोय. एका दोस्तानं तर अस्सल सोलापुरीत विचारलं, "चार हायत की, अजून एक कशाला घ्यालास बे?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच. रिव्ह्यू हवा असेल तर यूट्यूबवर ढिगानं पडलेत, तो मी करणार नाही.

कलेक्शन म्हटलं की लोकांना धोनीचं रांचीचं गॅरेज आठवतं. काचेच्या भिंती, आत ओळीनं उभ्या गाड्या. आपल्याकडं जिन्याखालची जागा आणि मागच्या अंगणात पत्र्याचं शेड. त्यात अप्पांची १९७४ ची राजदूत, एक येझदी रोडकिंग, एक आरएक्स १०० आणि एक सीडी १००. राजदूत बनवली एस्कॉर्ट्सनं, पण तिचं मूळ डिझाइन पोलंडचं. येझदी म्हैसूरची. तिचा गिअरचा दांडाच वर फिरवून किक मारायची, त्यामुळं नवीन पोरगं बसलं की पहिली पाच मिनिटं किक शोधत राहतं. आम्ही मुद्दाम सांगत नाही.

आता हिशेब ऐका. वर्षाला ५२ रविवार. त्यातनं लग्नं, बारशी, पाऊस, कामं वजा करा, पस्तीसेक उरतात. जुनी गाडी जिवंत ठेवायची तर पंधरा दिवसांतनं एकदा तरी वीस किलोमीटर फिरवावी लागते. नुसती जागेवर सुरू करून घुर्रघुर्र करून बंद केली तर उलट वाईट, कारण इंजिन नीट तापत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो. म्हणजे चार गाड्यांना दर रविवारी दोन गाड्या, अर्धा दिवस गेला. आणि टूरिंग बाईकला काय हवं असतं? शनिवार-रविवार दोन्ही. म्हणजे पाचवी गाडी आली की संख्या एकानं वाढते, पण बाकीच्या चौघींचे रविवार कमी होतात. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. त्यांचं ते कामही नाही म्हणा.

यात पेट्रोलची भर पडलीय. आता पंपावर जे मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज चालत असेल तर फरक पडत नाही, टाकी रिकामी होते, भरते. पण महिनाभर उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि लोखंडी टाकी आतनं गंजायला लागते. जुने रबरी पाईप फुगतात, कार्ब्युरेटरचे जेट चिकट होऊन बसतात. गंमत बघा, भीमा-सीनेच्या काठचा ऊस आपला, कारखाने आपले, डिस्टिलऱ्या आपल्या. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच उसाचा रस फिरून अप्पांच्या राजदूतच्या टाकीत येतो आणि तिथं उद्योग करतो.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. तिन्ही टू-स्ट्रोक गाड्यांचे पाईप बदलून इथेनॉल सोसणारे घातलेत. गाडी आत लावायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरतो, म्हणजे आत हवा कमी, ओलावा कमी. आणि सगळ्या डबल स्टँडवर. राजदूत आणि येझदीला पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं, आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आहे, सीडी फोर-स्ट्रोक. चार गाड्या, तीन रीती. शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय, कारण माझ्या माघारी कुणी साधं पेट्रोल टाकून येझदी पळवली तर पिस्टन जाम होणार हे नक्की.

मग एवढं सगळं असताना टूरिंग बाईक कशाला? कारण या चौघींत लांबची एकही नाही. येझदी मला विजापूरला नेते, आणतेसुद्धा, शंभरेक किलोमीटर जायला आणि तेवढेच यायला. पण मागं बायको, दोन दिवसांची बॅग आणि एप्रिलचं ऊन, असं तिच्यावर लादायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पोतं उचलायला लावण्यासारखं.

आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टूरिंग बाईकचे व्हिडिओ बनतात लडाखला, मनालीला, नाहीतर सह्याद्रीच्या घाटात. आपण राहतो कुठं? सोलापुरात. पुणे रोड घ्या, हैदराबाद रोड घ्या, विजापूर रोड घ्या, तासन् तास सरळ. तुळजापूरचा छोटा घाट सोडला तर वळणं कमीच. इथल्या टूरिंगची परीक्षा वेगळी आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. उघड्या माळावर आडवा वारा लागतो. ९०-१०० च्या वेगात तीन तास एकाच जागी बसायचं असतं. म्हणून मी विचारलेले प्रश्न साधे होते: टाकी केवढी, सीट कशी, शंभराच्या वेगात इंजिन किती दमतं, उन्हात किती तापतं.

३५० सीसीची गाडी मी मनापासून बघितली होती. साधारण वीस हॉर्सपॉवर, एअर-कूल्ड, गोड चालते. एकट्यानं ७०-८० नं जाणाऱ्यानं तीच घ्यावी, पैसेही वाचतात. मला दोघांचं वजन घेऊन हैदराबाद गाठायचं होतं. ४५० ला ४५२ सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन, चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, १७ लिटरची टाकी. मला हायवेला २८ मिळतं, म्हणजे पुण्याला जाऊन परत सोलापूरच्या जवळपास येईपर्यंत पंप लागत नाही. आता लिक्विड-कूल्ड म्हणजे गाडी गार, असं समजू नका. कुठलीही घ्या, रेडिएटरमधनं निघालेली उष्णता शेवटी आपल्याच पायाला येते. आणि वजन १९६ किलो. शेडमधनं मागं ढकलत बाहेर काढताना ते प्रत्येक किलो कळतं.

एक सूचना, भावांनो, टूरपेक्षा महत्त्वाची. गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीपासून पुढं चार-पाच महिने, आपल्याकडं रात्री हायवेला जाऊ नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि बाहेर लोंबणारा ऊस थेट हेल्मेटच्या उंचीवर. एबीएस चांगलंच असतं, पण त्याआधी ट्रॉली दिसायला पाहिजे. मी सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठतो. यात बहादुरी दाखवायची गरज नाही.

आता खरेदीचा किस्सा. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचा निर्णय आला. ३५० सीसीपर्यंत २८ चा १८ टक्के होणार, आणि त्यावरच्या गाड्यांना सेस धरून ३१ होता तो थेट ४० होणार. लागू कधी? २२ सप्टेंबरला. त्या दिवशी घटस्थापना. म्हणजे ३५० वाल्यांची चैन, नवरात्रात मुहूर्तावर स्वस्त गाडी. आणि आमच्यासारख्यांना जुन्या दरात गाडी हवी तर बिल घटस्थापनेच्या आधी फाडायचं, म्हणजे ऐन पितरपाटात. फरक वीस हजारांच्या घरात.

मी मुहूर्त फारसा मानत नाही. पण घरात आई आहे. पितरपाटात आमच्याकडं साधी बादलीसुद्धा विकत येत नाही. दोन दिवस मी विषयच काढला नाही, मग जेवताना आकडा सांगितला. आई काही बोलली नाही. ताट उचलताना म्हणाली, "तुझ्या अप्पांना गाडीपुढं दुसरं काय सुचत होतं? त्यांना दाखवायची तर ह्याच पंधरवड्यात आण की." झालं. सर्वपित्री अमावस्येच्या आधी गाडी दारात उभी. शेजारच्या काकू बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, पण नजर बोलत होती. हार मात्र आईनं दसऱ्यालाच घातला.

मग जागेचा प्रश्न. शेडमध्ये चारच मावतात, आणि रविवारही तेवढेच. सीडी १०० मी बार्शीच्या भाच्याला दिली. ती सगळ्यात कमी कौतुकाची होती, ना आवाज, ना फोटोत रुबाब. तिला विकत घेणारे होते, चांगला भाव देत होते, पण ते तिला रंगवून हॉटेलच्या दारात उभी करणार होते. भाचा रोज कॉलेजला नेतो. परवा सांगत होता, मामा, मित्र हसतात, पण महिन्याचं पेट्रोल माझंच सगळ्यात कमी.

राजदूतचं काय, हेही विचारलंय बऱ्याच जणांनी. ५० वर्षं पूर्ण झाली म्हणजे ती आता व्हिंटेजमध्ये बसते. २०२१ च्या नियमानुसार तशी नोंदणी करता येते, नंबरात व्हीए येतं, दहा वर्षं चालते, नव्यानं नोंदणीला २० हजार, आधी नोंदलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीला पाच हजार. ऐकायला भारी आहे. पण मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रोजच्या वापराला नाही. अप्पा तिच्यावरनं मंडईत जायचे. मी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारतो, येताना दूध आणतो. त्यासाठी साधी नोंदणीच बरी. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचे आता दोन हजार लागतात, वर ग्रीन टॅक्स, वर नवी एचएसआरपी पाटी. देऊ. व्हीएचा नंबर ज्यांना शोभतो त्यांनी घ्यावा.

डिसेंबरात बदामीला जायचं चाललंय, विजापूरवरनं पुढं, दोन दिवस. त्या रविवारी पाळी राजदूतची येते. भाचा म्हणाला, मी येतो बार्शीहून, सीडीवरच. चावी आईकडं ठेवणार आहे. आणि शेडच्या दारावरचं खडूचं लिहिलेलं पुसट झालंय, ते जायच्या आधी पुन्हा लिहायचंय.

चला, भेटू पुढच्या भागात.