कुस्कोच्या भिंती खालून बघा

श्रोतेहो, पेरूला जाऊन आलेलं कुणी भेटलं, की मी आधी विचारतो, कुस्कोत किती दिवस राहिलात? उत्तर ठरलेलं : "एक रात्र. सकाळी माचूपिचूची गाडी होती ना!" अहो, इंकांची राजधानी ती, नुसता गाडी बदलायचा मुक्काम नव्हे. निदान तीन दिवस राहा. पहिला तर श्वास सावरण्यातच जातो. शहर ३,४०० मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. कोकाच्या पानांचा चहा घ्या, चढ दमादमानं चढा.

आणि चालताना भिंतींच्या खालच्या अंगाकडे बघा. नजर वर लाकडी सज्जांकडे जाते. ते स्पॅनिश काम. इंका खाली आहेत. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड आहे. फोटोसाठी त्याच्यापुढे झुंबड, पण त्याच्या शेजारच्या दगडांचं कौतुक कुणालाच नाही. बाराही कोनांशी जुळवून घेतलं ते त्यांनी! चुना नाही, माती नाही, आणि सांध्यात सुरीचं पातं शिरत नाही.

हे कसं साधलं असेल? जातं आठवा. वरची तळी ठेवायची, फिरवायची, कुठे टेकते ते बघायचं, उचलायची, टाकी लावायची, पुन्हा ठेवायची. माझी आजी वडारणीजवळ बसून हे करून घ्यायची. इथंही तसंच टाकून, उचलून, पुन्हा बसवून बघितलं असणार. फक्त शहराच्या डोक्यावरच्या साक्सायवामानच्या गढीत यातली सगळ्यांत मोठी 'तळी' शंभर टनांच्या पुढे आहे! बरं, लोखंडाची टाकीही नव्हती. दगडानंच दगड ठेचायचा.

१५३३ साली स्पॅनिश आले. कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर त्यांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला. २१ मे १९५० ला भूकंप झाला, तेव्हा मठाची मोठी पडझड झाली. खालच्या इंका भिंती जागच्या जागी! आतल्या बाजूला किंचित कललेल्या, दारं वर निमुळती... याचं कारण नीट सांगायला हवं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे.

कॅथेड्रलमधलं मार्कोस सापाताचं चित्रही राहिलं. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या ताटात तिथं अँडीजमधला प्राणी वाढलेला आहे. तेही बघा. पण आधी भिंती, आणि त्याही खालून. तळहात टेकवू नका हं, तिथं मनाई आहे. नुसतं उभं राहून एक सांधा शेवटपर्यंत डोळ्यांनी...