क्रमांक आणि प्रगती
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या आवारात ‘प्रगती’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला जातो, तितक्या वेळा तो तपासला जात नाही. प्रगतिपुस्तक घरी गेले की पहिली नजर क्रमांकाच्या रकान्याकडे वळते. मुलगी सहा महिन्यांपूर्वी कोठे होती, तिथून येथवर येताना तिने काय सोसले, कोणती चूक दुरुस्त केली, हे त्या रकान्यात मावत नाही. क्रमांक आणि प्रगती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेण्यासाठी व्यावसायिक टेनिसइतके बोलके क्षेत्र दुसरे नसेल. कारण तेथे खेळाडूंचे क्रमांक जवळजवळ दर सोमवारी साऱ्या जगापुढे जाहीर होतात. म्हणून आजच्या विवेचनासाठी पुण्यात घडलेली टेनिसपटू अंकिता रैना हिची वाटचाल निवडली आहे.

प्रथम या क्रमवारीचा हिशेब पाहू. खेळाडूने स्पर्धेत मिळवलेले गुण बावन्न आठवडे तिच्या खात्यावर राहतात आणि त्यानंतर गळून पडतात. गेल्या वर्षी एखादी स्पर्धा जिंकली असेल, तर यंदा त्याच सुमारास तितकेच गुण पुन्हा कमवावे लागतात. अन्यथा क्रमांक घसरतो. स्थिर राहण्यासाठीही सतत जिंकावे लागते. ग्रँड स्लॅम विजेतीला दोन हजार गुण मिळतात. सर्वांत खालच्या, पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेतील विजेतीला जेमतेम पंधरा. तेवढ्या गुणांसाठी परक्या देशाचे विमानभाडे, निवास, भोजन आणि प्रशिक्षकाचे मानधन हा खर्च खेळाडूलाच करावा लागतो. पहिल्या फेरीत हार झाली, तर पुढचा संपूर्ण आठवडा हाती खर्चच उरतो.

भारतीय स्त्रियांच्या टेनिसचा आरंभ मराठी मनाला जवळचा आहे. १९३४ साली लीला राव यांनी विम्बल्डन स्पर्धेत सामना जिंकला. तेथे विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. संस्कृतात तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांची चरित्रे काव्यबद्ध करणाऱ्या पंडिता क्षमा राव या त्यांच्या मातोश्री, आणि त्या स्वतःही टेनिस खेळत असत. विद्या आणि खेळ एका घरात सुखाने नांदू शकतात, याचा हा जुना दाखला. मात्र ती वाट पुढे रुंद झाली नाही. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत भारतीय महिलेने पुन्हा एकेरीचा सामना जिंकण्यासाठी १९९८ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियन स्पर्धेत निरुपमा वैद्यनाथन यांनी तो मान मिळवला. मधल्या काळात टेनिसचा अभिमान मुख्यतः पुरुष संघाभोवती फिरत राहिला. १९९६ साली जयपूर येथे भारताने डेव्हिस चषकाच्या लढतीत नेदरलँड्सवर ३-२ अशी मात केली आणि त्याच वर्षी लिएंडर पेसने अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. देश या विजयांनी हरखून गेला होता, तेव्हा अहमदाबादेत अंकिता रैना अवघी तीन वर्षांची होती.

काश्मिरी पंडित कुटुंबात ११ जानेवारी १९९३ रोजी तिचा जन्म झाला. थोरला भाऊ टेनिस खेळे. त्याच्या मागे तीही मैदानावर जाऊ लागली. खेळात पुढे जायचे, तर चांगले मार्गदर्शन हवे, हे ओळखून २००७ साली कुटुंबाने निर्णय घेतला. आईने नोकरीत पुण्याला बदली करून घेतली आणि चौदा वर्षांची अंकिता प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली शिकू लागली. एका मुलीच्या खेळासाठी घराने गाव बदलावे, हे त्या काळी सोपे नव्हते, आजही नाही.

पुण्यात आल्यापासून जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशे खेळाडूंत पोहोचण्यास तिला अकरा वर्षे लागली. एप्रिल २०१८ मध्ये तिने तो टप्पा गाठला, तेव्हा तेथवर जाणारी ती पाचवी भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीत झालेल्या फेड चषक सामन्यांत तिने चीनच्या झू लिनला आणि जगातील पहिल्या शंभरांत असलेल्या कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेव्हाला हरवले. ऑगस्टमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक मिळवले. सानिया मिर्झानंतर हे यश मिळवणारी ती दुसरी भारतीय महिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये चीनमधील एका स्पर्धेत तिने अमेरिकन ओपनच्या माजी विजेत्या समंथा स्टोसरला पराभूत केले. मार्च २०२० मध्ये ती एकेरीत १६० व्या स्थानी पोहोचली. तिच्या कारकिर्दीतील हा सर्वोच्च क्रमांक.

हा एकशेसाठावा क्रमांक शाळेच्या प्रगतिपुस्तकात आला असता, तर किती घरांत पेढे वाटले गेले असते? पण त्याचा खरा अर्थ पाहावा. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात. त्यांपैकी १०४ जागा क्रमवारीनुसार थेट भरल्या जातात, आठ आयोजकांच्या आमंत्रणाने आणि सोळा पात्रता फेरीतून. एकशेसाठाव्या क्रमांकाच्या खेळाडूला मुख्य फेरीत जायचे, तर पात्रता फेरीचे तीन सामने ओळीने जिंकावे लागतात. अंकिता ही परीक्षा वारंवार देत राहिली. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेसाठी ती अखेरच्या पात्रता सामन्यापर्यंत गेली आणि तेथे हरली. एकेरीचे दार तिच्यासाठी उघडले नाही.

तरीही तो प्रवास वाया गेला नाही. त्याच स्पर्धेत तिला दुहेरीच्या मुख्य फेरीत खेळता आले. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये मेलबर्नमधील फिलिप आयलंड करंडक स्पर्धेत रशियाच्या कामिला राखिमोवासह तिने दुहेरीचे विजेतेपद पटकावले आणि दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत प्रवेश केला. आदल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, दुबईत इंडोनेशियाविरुद्ध सानियासह तिने दुहेरीचा निर्णायक सामना जिंकला आणि भारतीय महिला संघ प्रथमच जागतिक गटाच्या प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. टोकियो ऑलिंपिकमध्ये युक्रेनच्या किचेनोक भगिनींविरुद्ध या दोघींनी पहिला सेट ६-० असा जिंकला होता. दुसरा टायब्रेकमध्ये गेला आणि निर्णायक सुपर टायब्रेक ८-१० असा हातचा निसटला. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. एका वर्षाच्या ओंजळीत विजेतेपद, सन्मान आणि जिव्हारी लागणारा पराभव असे तिन्ही होते. कोणत्याही प्रामाणिक प्रगतिपुस्तकाचे स्वरूप असेच असते.

या वाटेवर महाराष्ट्राच्या आणखी दोन कन्या आहेत. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियासह दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले हिने अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिक्षण आणि टेनिस दोन्ही सांभाळले. पुढे ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. त्या अंतिम सामन्यातही पहिला सेट या जोडीने २-६ असा गमावला होता. एक तालुक्याच्या गावातून निघाली, दुसरीने विद्यापीठाचा मार्ग धरला, तिसरीसाठी घराने शहर बदलले. वाटा तीन, पण तिघींनाही पहिल्या मोठ्या यशापूर्वी अनेक वर्षे कोणी पाहत नसताना खेळावे लागले.

पालकांनी विचार करावा तो या अनेक वर्षांचा. मुलगी नववी-दहावीत गेली की ‘आता खेळ पुरे’ असे अनेक घरांत सहज म्हटले जाते. ज्या वयात अंकिताच्या घराने गाव बदलले, नेमक्या त्याच वयात कित्येक मुलींची रॅकेट माळ्यावर जाते. प्रत्येक घराला शहर बदलणे शक्य नाही, आणि प्रत्येक मुलीने व्यावसायिक खेळाडू व्हावे, असेही नाही. खर्च मोठा आहे आणि यशाची खात्री कोणी देऊ शकत नाही, हे पालकांनी डोळे उघडे ठेवून जाणून घ्यावे. पण खेळ थांबवण्याचा निर्णय तिच्या एका पराभवावरून, शेजारच्या मुलीच्या गुणांवरून किंवा ‘मुलीच्या जातीला’ या दोन शब्दांवरून होऊ नये. तो तिच्याशी बोलून व्हावा.

शाळांचीही जबाबदारी थोडी नाही. स्पर्धेसाठी गेलेल्या मुलीच्या नावापुढे केवळ ‘गैरहजर’ असा शेरा पडू नये. बुडालेला अभ्यास तिला भरून घेता यावा, सायंकाळी मैदान मुलींसाठीही मोकळे असावे, आणि पहिल्याच फेरीत हरून आलेल्या मुलीला वर्गात मान खाली घालावी लागू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज सुस्थितीत आहेत, त्यांनी एखाद्या होतकरू मुलीच्या प्रवासखर्चाचा भार उचलला, तर हीरक महोत्सवाची ती उत्तम भेट ठरेल. पुणे, सोलापूर, नागपूर व नवी मुंबई येथे महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. मुलींना घेऊन असे सामने पाहण्यास जावे. दोनशेव्या क्रमांकाची खेळाडू किती उत्तम खेळते, हे एकदा प्रत्यक्ष पाहिले की क्रमांकाकडे पाहण्याची दृष्टी आपोआप बदलते.

पुढच्या सहामाहीचे प्रगतिपुस्तक हाती येईल, तेव्हा पालकांनी क्रमांकाचा रकाना अवश्य पाहावा. त्यानंतर मुलीला जवळ बसवून गेल्या सहा महिन्यांत तिला नवीन काय जमू लागले, हेही विचारावे. तिचे उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच या व्यासपीठावरून विनंती.